प्रवेशाचा पॅटर्न झाला, पदवीनंतरचा कोठे आहे?

बारावीचा आणि प्रवेश परीक्षांचा निकाल लागला की लातूरचे नाव महाराष्ट्रभर गाजते. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांच्या वर्गांतून नावारूपाला आलेला 'लातूर पॅटर्न' आता नांदेडनेही उचलला आहे. जादा तास, चाचणीवर चाचणी, सुट्टीलाही सुट्टी नाही. अहमदपूर, उदगीर, निलंगा, मुखेड, किनवट, हदगाव येथून पोरे येतात, ट्यूशन एरियात एका खोलीत चौघे राहतात आणि गावाकडे त्यांचा बाप सावकाराच्या दारात उभा राहतो. या पॅटर्नला नावे ठेवण्याचे आम्हास कारण नाही. त्याने अनेक कष्टकऱ्यांची मुले अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत आणून सोडली. पण फाटकातून आत गेलेला मुलगा चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यासाठी या दोन जिल्ह्यांत कोणताच पॅटर्न उभा नसतो. प्रवेशाच्या वेळी दहा जण सल्ला देतात. पदवीनंतर तेच दहा जण 'आता काय करतो?' एवढेच विचारतात.

नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ साली सुरू झाली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि लातूरचे बिडवे, नांदेडचे एमजीएम अशी खाजगी महाविद्यालये निघाली. या धोरणातून राज्यात शिक्षणसम्राट जन्माला आले ही टीका खरीच आहे. पण शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या आधाराने आपली मुलेही त्या इमारतींत शिरली. मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आज लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे या मुलांच्या पदवीपत्रावरच बाबासाहेबांचे नाव असते. ते पदवीपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लागते. भीमजयंतीला सत्कार होतो, शाल होते, पुष्पहार होतो. आणि सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मुलगा बॅग भरून पुण्याला निघतो.

पुण्याला कशासाठी? तर एमपीएससीसाठी. अभियांत्रिकी सेवेसाठी नव्हे, राज्यसेवेसाठी. तहसीलदार व्हायचे, उपजिल्हाधिकारी व्हायचे, लाल दिव्याची गाडी. (तो लाल दिवा केंद्र सरकारने २०१७ सालीच काढून टाकला, पण आपल्या डोक्यातून तो अजून निघालेला नाही.) सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉटबेसिसवर जागा, महिन्याची मेस, अभ्यासिकेची फी, क्लासची फी, टेस्ट सिरीजची फी. चार वर्षे ज्याने काँक्रीटचे मिश्रण, पाण्याचा दाब, ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग शिकले, तो आता समाजसुधारकांची जन्मगावे आणि पंचायत राजच्या समित्या पाठ करतो. तीन वर्षे, चार वर्षे, सहा वर्षे. गावाकडे बाप सांगतो, 'पोरगं पुण्यात तयारी करतंय.' तयारी हीच जणू नोकरी झाली.

आमचा राज्यसेवेला विरोध नाही. प्रशासनात आपली माणसे असलीच पाहिजेत. बाबासाहेब ज्यांना माऱ्याच्या जागा म्हणत, त्या आपण काबीज केल्याच पाहिजेत. पण माऱ्याची जागा म्हणजे काय, याचा विचार आपण तहसीलदाराच्या खुर्चीपाशीच थांबवला आहे. गावात डांबरी रस्ता येतो आणि बौद्धवाड्याच्या अलीकडे पन्नास पावलांवर संपतो. नळयोजनेची पाइपलाइन गावठाणात फिरते आणि वस्तीत एकच सार्वजनिक नळ निघतो. हे कोण ठरवतो? ठराव ग्रामपंचायतीचा असेल, निधी दलित वस्ती सुधार योजनेचा असेल, पण रस्त्याची लांबी, पाइपचा व्यास, टाकीची जागा हे सर्व ज्या अंदाजपत्रकात लिहिलेले असते ते कनिष्ठ अभियंता करतो, उपअभियंता तपासतो आणि त्याच्या वरचा त्याला तांत्रिक मान्यता देतो. कार्यकारी अभियंत्याची खुर्ची हीही माऱ्याची जागा आहे. आपली मुले त्या खुर्चीचे शिक्षण चार वर्षे घेतात आणि पदवी हातात पडताच त्या खुर्चीकडे पाठ करतात. एवढे कष्ट करून मिळवलेले हत्यार म्यान करून दुसऱ्याच्या आखाड्यात मोकळ्या हाताने उतरण्यासारखे हे आहे.

बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यातील शिक्षणाचा भाग प्रत्येक अभियंत्याने आणि त्याच्या पालकाने वाचावा. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर, पण त्यांची मांडणी अशी की कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने आपल्या लोकांचे फारसे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानातले उच्च शिक्षणच त्यांना खरी मदत करील, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्याने त्याचा खर्च सरकारने उचलावा, देशातही आणि परदेशातही. वकिली करणाऱ्या आम्हांला हे वाचून थोडे अवघडल्यासारखे होते, ते असो. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या मुलांच्या खात्यावर जी रक्कम जमा होते, तिचे मूळ तेथे आहे.

दुसरी गोष्ट आपल्याला त्याहून कमी ठाऊक असते. मजूर खात्याकडे त्या वेळी पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. १९४५ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग, म्हणजे आजचा केंद्रीय जल आयोग, हा बाबासाहेबांच्या कारकिर्दीतला. त्याचे पहिले अध्यक्ष ए. एन. खोसला हे भारतीय अभियंता होते. दामोदर खोऱ्याची योजना, अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज एकत्र बघण्याची दृष्टी, महानदीवरील हिराकूडचा विचार, या सगळ्यांत बाबासाहेबांचा हात होता. चवदार तळ्याचे पाणी ज्याने १९२७ साली ओंजळीत घेतले, त्यानेच अठरा वर्षांनी देशाच्या नद्यांचे नियोजन हाती घेतले. पाण्याला हात लावण्याचा हक्क आणि पाणी वाटण्याचा अधिकार या दोन पायऱ्या आहेत. पहिली आपण चढलो.

दुसरीचे काय, ते याच दोन जिल्ह्यांत पाहा. विष्णुपुरीच्या ज्या अभियांत्रिकी संस्थेत आपली मुले शिकतात, त्याच विष्णुपुरीत गोदावरीवरील मोठा उपसा सिंचन प्रकल्प आहे. आणि लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा सांगायला नको. मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून मार्चमध्ये कलम १४४ लावले गेले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. ज्या शहरातून दरवर्षी एवढे अभियंते तयार होतात, त्या शहराला पाणी आगगाडीने आणावे लागले! धरणातले पाणी उसाला किती, पिण्याला किती, टँकर आधी कोणत्या गल्लीत, हे प्रश्न मोर्चाने मांडता येतात. मोर्चा आम्हीही काढतो. परंतु पाण्याचा हिशेब ज्या तक्त्यात मांडला जातो तो तक्ता वाचणारा आणि करणारा माणूस आपल्यातला असेल, तर मोर्चाला आकडे मिळतात.

मग या मार्गाने जायचे कसे? येथे थोडे तपशिलात शिरावे लागेल, कारण चळवळीच्या व्यासपीठावर हे तपशील कोणी सांगत नाही.

गेट नावाची परीक्षा आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी मिळून ती दरवर्षी फेब्रुवारीत घेतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून तिला बसता येते. अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व मुलींना फी निम्मी. पात्रतेचे गुण अनुसूचित जाती-जमातींसाठी खुल्या गटाच्या दोनतृतीयांश. निकाल तीन वर्षे चालतो. या एका निकालावर आयआयटी, एनआयटी आणि इतर मान्यताप्राप्त संस्थांत एम.टेक.ला प्रवेश मिळतो, केंद्रीय संस्थांत पंधरा टक्के जागा अनुसूचित जातींना राखीव असतात आणि गेट पात्र विद्यार्थ्याला शिकत असताना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे बापाकडे मेसचे पैसे मागायची गरज राहत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या मोठ्या कंपन्यांपैकी काही दरवर्षी याच गुणांवर थेट मुलाखतीला बोलावतात. त्यासाठी बहुधा त्याच वर्षीचा निकाल लागतो, हे ध्यानात ठेवावे.

आता यातली मेख पाहा. गेटसाठी जो विषय पक्का करावा लागतो, तोच संघ लोकसेवा आयोगाच्या भारतीय अभियांत्रिकी सेवेला लागतो, तोच एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेच्या मुख्य परीक्षेला लागतो, तोच महावितरण, महानिर्मिती, महापारेषण यांच्या सहायक अभियंत्याच्या परीक्षेला आणि रेल्वेच्या कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला लागतो. एक अभ्यास, पाच दारे. राज्यसेवेचा अभ्यास राज्यसेवेचेच दार उघडतो, आणि ते उघडले नाही तर सहा वर्षांनंतर त्या मुलाच्या हातात काय राहते? अभियांत्रिकी तो विसरलेला असतो, आणि कंपनीवाले विचारतात की मधली वर्षे कोठे गेली.

स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स या चार शाखांना भारतीय अभियांत्रिकी सेवा खुली आहे. वयाची मर्यादा तीस, अनुसूचित जातीला पस्तीस. अनुसूचित जाती-जमातींना व मुलींना फी नाही. संगणक शाखेला तेथे दार नाही. त्या मुलांनी गेट द्यावी आणि चांगल्या संस्थेतून एम.टेक. करावे, कारण त्यांच्या क्षेत्रात नुसत्या पदवीचा भाव फार उतरला आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांत नवख्याचा पगार गेली दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. एका मोठ्या कंपनीने २०२२ साली निवडलेल्या मुलांपैकी सुमारे दोन हजार जणांना २०२४ पर्यंत कामावर घेतलेच नव्हते. निवडपत्र घरी, मुलगा घरी. तरीही स्थापत्य आणि यंत्र शाखेची पोरे पदवीनंतर सहा महिन्यांचा कोडिंगचा क्लास लावतात, का, तर शेजारचा लावतो म्हणून.

राज्य सेवेतल्या विलंबाबद्दल आम्हांला अधिक कठोर शब्द वापरायचे आहेत. जून २०२१ मध्ये पुण्यात एका तरुण स्थापत्य अभियंत्याने आत्महत्या केली. तो एमपीएससीच्या २०१९ च्या अभियांत्रिकी सेवेची पूर्व आणि मुख्य परीक्षा उत्तीर्ण झालेला होता. मुलाखतच होत नव्हती. कोरोनाचे कारण होते, आरक्षणाच्या खटल्याचे कारण होते, आयोगात सदस्य कमी असल्याचे कारण होते. सरकारला कारणे मिळतात, मुलाला मिळत नाहीत. म्हणून आम्ही अभियांत्रिकी सेवेचा मार्ग सांगतो तेव्हा त्याच दमात हेही सांगतो की या एका परीक्षेवर आयुष्य टांगू नका. गेटचा निकाल हातात असला, एखादी साधी नोकरी चालू असली, तर आयोगाच्या तारखा पुढे गेल्या तरी माणूस मोडत नाही. महाराष्ट्रात मागासवर्गीय उमेदवाराला त्रेचाळीस वर्षांपर्यंत वयाची सवलत आहे. ती उशिरा शिकलेल्यासाठी आहे. तेवीस ते त्रेचाळीस अभ्यासिकेत बसण्यासाठी नाही. आमच्या मते पूर्ण वेळ तयारीला दोन वर्षे, त्यापुढे नोकरी सांभाळून. हा आकडा कोणास कठोर वाटेल. ज्यांच्या घरी दुसरा मिळवता हात आहे त्यांनी तो वाढवावा. आपल्यापैकी किती घरांत आहे?

नोकरी केली की शिक्षण संपले, असा एक समज आपल्याकडे आहे. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनचे शिक्षण १९१७ मध्ये अर्धे सोडून त्यांना परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. डी.एस्सी. १९२३ ची आहे. मधली तीन वर्षे वाया गेली नाहीत. पण ती वर्षे त्यांनी निश्चित हिशेबाने काढली होती, किती साठवायचे आणि केव्हा निघायचे हे ठरवून.

परदेशाचा विषय निघालाच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला पंचाहत्तर जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, एकशे पंचवीस जागा, त्यांतील बहुतांश अनुसूचित जातींसाठी. दोन्हींना जागतिक क्रमवारीत ठराविक स्थानाच्या आत असलेल्या विद्यापीठाचा प्रवेश लागतो. अटी वारंवार बदलतात. राज्याच्या २०२४ च्या जाहिरातीत गुणांच्या आणि खर्चाच्या मर्यादेच्या ज्या नव्या अटी घातल्या, त्यांविरुद्ध विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावे लागले. म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचीच जाहिरात शब्दशः वाचावी, मागच्या वर्षी गेलेल्या दादाच्या सांगण्यावर राहू नये. या तयारीला दीड-दोन वर्षे लागतात: इंग्रजीची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, विद्यापीठाचे अर्ज. पुण्या-मुंबईतली मुले ही वाट एकमेकांना दाखवतात. नांदेड-लातूरच्या मुलाला ती बहुधा अर्जाची मुदत उलटल्यावर कळते. आणि तेथे गेल्यावर जात सुटते असेही नाही. अमेरिकेतील सिॲटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीच्या भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

देशातल्या मोठ्या संस्थांबद्दलही डोळे उघडे ठेवून बोलले पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाला असलेला दर्शन सोळंकी गेला. त्याच्या वडिलांनी आणि विद्यार्थी संघटनांनी जातीय वागणुकीचा प्रश्न मांडला. ही उदाहरणे ऐकून पालक घाबरतात, आम्हांला विचारतात, 'वकीलसाहेब, पाठवू का नको?' पाठवा. पण मुलाला एकटा पाठवू नका. त्या संस्थेत आंबेडकरी विद्यार्थ्यांचा गट आहे का, अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे का, हे आधी शोधा, त्यांचा दूरध्वनी क्रमांक मुलाच्या खिशात असू द्या. 'रँक किती?' हा प्रश्न तेथे जात विचारण्यासाठी वापरला जातो, हे त्याला घरीच सांगा. ज्याला हे आधी ठाऊक असते तो पहिल्या आठवड्यात खचत नाही.

आणि फीची तारीख. हसू नका. २०२१ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची फी तांत्रिक अडचणीने भरली गेली नाही आणि आयआयटी मुंबईची जागा हातून गेली. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला १७,५०० रुपये जमवता जमवता काही मिनिटे उशीर झाला आणि आयआयटी धनबादची जागा गेली. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालील विशेष अधिकार वापरून प्रवेश मिळवून दिला. ते कलम फक्त सर्वोच्च न्यायालयाजवळ आहे. नांदेडच्या मुलाने त्या भरवशावर न राहता, प्रवेशाच्या महिन्यात वीस-पंचवीस हजार रुपये घरात वेगळे ठेवावेत. चळवळीच्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून असा एक फिरता निधी ठेवला तर डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात दोन जागा वाचतील.

कागदपत्रांचे आमच्या धंद्यातले दोन शब्द. राखीव जागेवर अभियांत्रिकीला प्रवेश घेतानाच वैधता प्रमाणपत्र लागते, त्यामुळे बहुतेकांकडे ते असते. अडते ते केंद्राच्या नोकरीत. प्रमाणपत्रावर नुसते 'नवबौद्ध' लिहिलेले असते, आणि केंद्राला अनुसूचित जातींच्या यादीतील मूळ जातीचा उल्लेख असलेले, केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र हवे असते. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला, आणि ज्या कार्यालयात हे ठाऊक नसते तेथे मुलाची निवड अडकून पडते. पदवीच्या शेवटच्या वर्षातच उपविभागीय कार्यालयातून हे प्रमाणपत्र काढून ठेवावे. ज्या घरात पहिल्यांदाच वैधता काढायची आहे, तेथे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या भागात तो निजामाच्या राजवटीतला, म्हणजे बऱ्याचदा उर्दूत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल आणि तिचे भाषांतर आज मिळेल, आणखी पाच वर्षांनी ते रजिस्टर वाळवी खाईल.

स्वतःचा धंदा करू म्हणणाऱ्यांना आम्ही अडवत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून कामे घेता येतात. मात्र तालुक्याच्या गावी एक प्रकार आम्ही बघतो: नोंदणी आपल्या पोराची, काम गावच्या पुढाऱ्याचे, आणि पोराला सहीचे चार पैसे. रस्ता उखडला की चौकशीची नोटीस मात्र सही करणाऱ्याच्या घरी येते. सही द्यायची तर काम आपणच करावे, नाहीतर देऊ नये. कायद्याची ओढ असलेल्या अभियंत्यांनाही एक वाट सांगतो. पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. नुसत्या कायद्याच्या पदवीवर ती परीक्षा देता येत नाही. आमच्यासारख्या वकिलाला जे दार बंद आहे ते तुम्हांला उघडे आहे.

मुलींबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. आपल्या समाजातील मुली आज अभियांत्रिकीत मुलांपेक्षा नेटाने शिकतात. पदवी मिळाली की मुलाला घरचे विचारतात 'पुढे काय?' आणि मुलीला विचारतात 'स्थळ बघू का?' तिच्या नावे आणखी दोन वर्षांचा खर्च करायला बाप कचरतो. पुण्याला एकटी पाठवायला माय कचरते. गेट पात्र झालेली मुलगी महिना १२,४०० रुपये विद्यावेतनावर, संस्थेच्या वसतिगृहात राहून, बापाच्या खिशाला हात न लावता दोन वर्षे शिकू शकते, हे घरात कोणी सांगितलेले नसते. म्हणून वर दिलेला आकडा मुलाआधी मुलीच्या आई-बापाने ऐकावा. अभियंता झालेल्या मुलीची पदवी लग्नपत्रिकेत छापण्यापुरती उरली, असे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे, आणि ती घरे निळ्या झेंड्याची होती.

नांदेड आणि लातूरच्या विहारांत संध्याकाळी मुलांचे वर्ग चालतात, काही ठिकाणी अभ्यासिका आहेत. तेथे दहावीचे गणित आणि पोलीस भरतीचे सामान्यज्ञान शिकवले जाते. चांगलेच आहे. त्याच जागेत रविवारी सकाळी तीन तास गेटचा वर्ग का चालू नये? बांधकाम, जलसंपदा, महावितरण, रेल्वे या खात्यांत आपले अभियंते आहेत, निवृत्तही होत आहेत. जयंतीला ते वर्गणीची पावती फाडतात, व्यासपीठावर मागे बसतात आणि हार घालून परत जातात. त्यांच्याकडे आम्ही पैसे मागत नाही. महिन्याचे दोन रविवार, आपापल्या शाखेचा एक विषय, आणि अर्जाच्या दिवसांत मुलाच्या शेजारी बसून अर्ज भरून देणे, एवढे मागतो. स्थापत्य आणि विद्युत या दोन शाखांपासून सुरुवात करता येईल, कारण या शाखांचे आपले लोक या दोन शहरांत सहज सापडतात. जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध आहेत. फळा विहारात आहेच. गेटचे अर्ज दरवर्षी साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मुलांची नावे लिहून घ्यायला आषाढ पौर्णिमेचा दिवस सोयीचा पडेल, कारण त्या दिवशी वर्षावास सुरू होतो आणि विहारात सगळी घरे येतात.